यीस्टमधली जनुकीय विविधता : म्युटेशन किती, रिकॉम्बिनेशन किती, आणि मोजायचं कसं?

किण्वक

पाठ्यपुस्तकात म्युटेशन (डीएनएत नवा बदल) आणि रिकॉम्बिनेशन (आहे त्याच डीएनएची नवी जुळणी) ही जोडी एकाच वाक्यात येते, आणि दोघांचा वाटा साधारण सारखाच असेल असं वाटून जातं. यीस्टमध्ये दोन्ही वेगवेगळे मोजता येतात, आणि आकडे समोर ठेवले की हिशेब बराच निराळा निघतो. हा धागा त्या हिशेबासाठी. विषय फक्त सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचा, म्हणजे पाव, वाइन आणि बिअरवाल्या यीस्टचा.

आधी पाया. १६ गुणसूत्रं, सुमारे १ कोटी २० लाख बेसजोड्या, सहा हजारांच्या आसपास जनुकं. १९९६ मध्ये संपूर्ण क्रम जाहीर झाला, तो एस-२८८-सी या प्रयोगशाळेतल्या जातीचा (इथं जात म्हणजे स्ट्रेन).

एक बेस बदलण्याचा दर, दर हजार कोटी प्रतींमागे दोन-तीन चुका इतका कमी. संपूर्ण जीनोमला गुणा, तर एका हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशीच्या ३०० ते ५०० विभाजनांत एक नवा बदल येतो. हे ऐकायला नगण्य वाटतं. पण ५ मिलिलिटर दाट कल्चरमध्ये ५० कोटी पेशी असतात, म्हणजे त्या एका नळीत दहा-पंधरा लाख नवे बदल घडून गेलेले असतात. एकूण शक्य असलेले एकेरी बदल साडेतीन कोटींच्या घरात आहेत. तेव्हा म्युटेशन दुर्मीळ आहे ते पेशीच्या हिशेबानं. कल्चरच्या हिशेबानं ते रोजचंच.

रिकॉम्बिनेशनचं उलट. मायोसिस (बीजाणू बनवणारं विभाजन) झालाच, तर एका खेपेत सरासरी ९० च्या आसपास क्रॉसओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल). नकाशावर ते साधारण साडेचार हजार सेंटिमॉर्गन (रिकॉम्बिनेशनवरून मोजायच्या अंतराचं एकक) होतं, म्हणजे १ सेंटिमॉर्गनला जेमतेम ३ हजार बेसजोड्या. माणसात १ सेंटिमॉर्गनला दहा लाखांच्या आसपास लागतात. पण मायोसिस मुळात किती वेळा होतो? तिथंच खरी गोम आहे. त्यावर पुढे कुणीतरी लिहीलच.

साधा_प्रश्न

म्युटेशनचा दर एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात दाखवायचा असेल तर कॅनाव्हनिनचा (आर्जिनिन या अमिनो आम्लासारखं दिसणारं विष) प्रयोग सुचवला जातो. नेमकं काय आणि किती घ्यायचं? आणि प्लेटवरच्या कॉलन्या मोजून एकूण पेशींनी भागलं की झालं, असं बऱ्याच जर्नलांत लिहिलेलं असतं. ते बरोबर आहे का?

शून्यवर्ग

नाही. भागाकारातून मिळते ती फ्रीक्वेन्सी, दर नव्हे. हा घोळ इतका सार्वत्रिक आहे की जर्नल तपासणाराही तो सोडून देतो.

कारण असं. म्युटेशन कल्चर वाढत असताना कधीही होतं. शेवटच्या विभाजनात झालं तर एकच पेशी रेझिस्टंट. शेवटून सात दुपटी आधी झालं तर त्याच एका घटनेच्या १२८ पेशी. दोन्ही ठिकाणी घटना एकच, कॉलन्यांत मात्र शंभरपट फरक. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये बॅक्टेरियावर हेच दाखवलं, आणि फ्लक्चुएशन टेस्ट तिथून आली. सरासरी घेतलीत तर एखादी जॅकपॉट नळी सगळा आकडा फुगवते.

कृती सांगतो. हॅप्लॉइड जात, कॅन-१ जनुक शाबूत (आर्जिनिन आत घेणारं प्रथिन याच जनुकाचं, आणि कॅनाव्हनिन त्याच दारानं आत शिरतं). काही प्रयोगशाळांच्या जातींत कॅन-१ आधीच मोडलेलं असतं, तेव्हा जीनोटाइप वाचून घ्या. नाहीतर प्लेटवर पेशींची सलग चादर उगवेल आणि औषध खराब निघालं असं वाटेल.

सिंथेटिक कम्प्लीट माध्यमात पेशी इतक्या पातळ करा की ५० मायक्रोलिटरमध्ये साधारण १,००० पेशी येतील. ९६ खणांच्या प्लेटमध्ये निदान २४ खण भरा, वरून सील लावा (५० मायक्रोलिटर झपाट्यानं सुकतं), आणि ३० अंशांना न हलवता दोन दिवस ठेवा. सुरुवातीला १,००० च पेशी अशासाठी, की आधीच रेझिस्टंट असलेली पेशी खणात शिरण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास राहते. वाढ पूर्ण झाल्यावर खणात सुमारे ५० लाख पेशी मिळतात. २४ पैकी प्रत्येक खण संपूर्ण एका कॅनाव्हनिन प्लेटवर पसरवा. माध्यम आर्जिनिनविरहित, कॅनाव्हनिन लिटरला ६० मिलिग्रॅम, फिल्टर करून, आणि वितळलेलं ॲगर-माध्यम ५५ अंशांपर्यंत थंड झाल्यावर घालायचं. नायट्रोजनसाठी अमोनियम सल्फेटच ठेवा. प्रोलिनसारखा निकृष्ट स्रोत असेल तर गॅप-१ हे दुसरं दार उघडतं आणि कॅन-१ मोडलेल्या पेशीही मरतात.

चार-सहा जादा खण एकूण पेशी मोजायला ठेवा. एक लाखपट पातळ करून १०० मायक्रोलिटर वायपीडीवर (यीस्टचं नेहमीचं ग्लुकोजवालं माध्यम) पसरवलं की शंभराच्या आसपास कॉलन्या येतात, मोजायला सोयीच्या.

तिसऱ्या दिवशी मोजा. पाचव्या-सहाव्या दिवशी उगवणाऱ्या बारक्या कॉलन्या बहुतेक प्लेटवर पसरल्यानंतरच्या घटना असतात, त्या धरू नका.

आता गणित. एकही कॉलनी नसलेल्या प्लेटा मोजा. २४ पैकी ९ रिकाम्या निघाल्या तर शून्य वर्गाचं प्रमाण ०.३७५, त्याचा ऋण नैसर्गिक लॉग ०.९८. हा 'एम', म्हणजे दर खणातल्या घटना. ५० लाखांनी भागा : दर कोटी पेशींमागे साधारण दोन. कॅन-१ साठी हा ठीकठाक आकडा आहे.

एक पडताळा सोबतच होतो. कॅन-१ ची लांबी १,७७३ बेसजोड्या. बेसमागचा दर त्याला गुणला की जनुकभर मिळून दर कोटीत चार-पाच बदल येतात. त्यातले सगळे प्रथिन मोडत नाहीत. दोनचा आकडा त्यात बसतो. तुमचं उत्तर कोटीत पन्नास आलं, तर म्युटेशन शोधण्याआधी प्लेटा तपासा.

साधा_प्रश्न

एकही प्लेट रिकामी नसेल तर?

शून्यवर्ग

तर पेशी जास्त झाल्या. शून्य वर्गाची पद्धत 'एम' ०.३ ते २ च्या दरम्यान असेल तरच धड चालते. २ कोटी पेशी घेतल्या की 'एम' ४ होतो आणि रिकाम्या प्लेटा शंभरात दोनही मिळत नाहीत. तेव्हा मध्यक वापरा : मध्यक भागिले एम, वजा एमचा लॉग, बरोबर १.२४. मध्यक १०-११ आला तर एम ४ च्या जवळ. ही ली-कोल्सन पद्धत १९४९ ची. संगणक हाताशी असेल तर मॅक्सिमम लाइकलिहूड लावा, तेच उत्तम. सरासरी मात्र कधीच नाही.

आणि खण अर्धाच पसरवून शून्य वर्ग मोजू नका. रिकाम्या प्लेटा उगाच वाढतात आणि दर कमी दिसतो.

चौथा_बीजाणू

शून्यवर्ग यांनी 'हॅप्लॉइड जात' हे दोन शब्दांत उरकलं. त्यावर थोडं थांबायला हवं, कारण म्युटेशन आणि रिकॉम्बिनेशन एकमेकांत मिसळतात ते तिथंच.

डिप्लॉइडमध्ये गुणसूत्रांचे दोन संच, म्हणून कॅन-१ च्या दोन प्रती. एक मोडली तरी दुसरी कॅनाव्हनिन आत घेतेच आणि पेशी मरते. दोन्ही चालू प्रतींचा डिप्लॉइड घेतलात तर प्लेटा जवळपास कोऱ्या राहतील. पण एक प्रत चालू, एक मोडकी असा हेटरोझायगस डिप्लॉइड घेतलात तर रेझिस्टंट कॉलन्या हॅप्लॉइडपेक्षा शंभरपट किंवा त्याहून जास्त येतात. दर लाखात एक ते दहा अशा पट्ट्यात. ही म्युटेशनं नव्हेत. हा हेटरोझायगॉसिटी गमावण्याचा प्रकार, एलओएच : साध्या विभाजनात होमोलॉग (जोडीतल्या) गुणसूत्रांत क्रॉसओव्हर झाला, किंवा तुटलेलं टोक दुसऱ्या प्रतीवरून शेवटपर्यंत नकलून काढलं गेलं, किंवा जीन कन्व्हर्जन (एका प्रतीचा छोटा तुकडा दुसरीवर उतरणं) झालं, किंवा कॅन-१ ज्यावर आहे ते पाचवं गुणसूत्रच एक हरवलं.

म्हणजे मायोसिस नसतानाही रिकॉम्बिनेशन चालूच असतं, आणि डिप्लॉइडमध्ये सुप्त म्युटेशन उघडं पाडण्याचं काम तेच करतं. नवं म्युटेशन दुर्मीळ, पण दडलेलं म्युटेशन बाहेर यायला त्या मानानं वेळ लागत नाही.

यातला परस्पर क्रॉसओव्हर डोळ्यांनी बघायची एक सुरेख सोय आहे, पीट्स यांच्या प्रयोगशाळेतून आलेली. डिप्लॉइडच्या दोन्ही एडीई-२ (ॲडेनिन बनवायला लागणारं जनुक) प्रतींत ओकर स्टॉप कोडॉन (प्रथिन अर्ध्यावर थांबवणारी खूण). अशी पेशी लाल रंगद्रव्य साठवते. पाचव्या गुणसूत्राच्या एका प्रतीवर कॅन-१ च्याच जागी सप-४ हा सप्रेसर टीआरएनए (ती थांबायची खूण ओलांडून वाचायला लावणारा) बसवलेला, दुसऱ्या प्रतीवर कॅन-१ मध्येही ओकर म्युटेशन. मूळ पेशीत सप्रेसर एक, त्यामुळे रंग गुलाबी, आणि कॅन-१ वाचलं जातं म्हणून कॅनाव्हनिनला बळी पडणारी. सेंट्रोमिअर (गुणसूत्राच्या दोन बाहूंमधला सांधा) आणि कॅन-१ यांच्या मधे क्रॉसओव्हर झाला की एका कन्यापेशीत सप्रेसर दोन (पांढरी), दुसरीत शून्य (लाल), आणि दोघीही रेझिस्टंट. घटना प्लेटवर पसरल्यानंतर पहिल्याच विभाजनात घडली, तर अर्धी लाल, अर्धी पांढरी अशी कॉलनी उगवते, मधली रेघ जवळजवळ सरळ. गुणसूत्र हरवल्यानं अशी जोडी होत नाही. प्लेट दोन-तीन दिवस ४ अंशांना ठेवली की लाल रंग गडद होतो. मोजणी त्यानंतर करा.

किण्वक

लाल-पांढऱ्यावरून एक सावधगिरी. एडीई-२ मोडलेल्या जातींत पांढरा ठिपका दिसला की लगेच रिकॉम्बिनेशन म्हणू नका. मायटोकाँड्रियाचा डीएनए गमावलेल्या 'पेतीत' पेशीही लाल होत नाहीत, कारण त्या रंगद्रव्याला श्वसन चालू असावं लागतं. ३ टक्के ग्लिसरॉल असलेल्या वायपीजी प्लेटवर रेप्लिका (कॉलन्यांचा ठसा) घ्या. तिथं वाढली नाही तर ती पेतीत. एस-२८८-सी वंशात पेतीत जास्तच निघतात, एमआयपी-१ जनुकातला एक बदल त्यामागच्या कारणांपैकी आहे.

साधा_प्रश्न

आता मायोसिसकडे वळू या का? टेट्राड (एका मायोसिसमधून निघणारे चार बीजाणू) कशा काढायच्या? आणि बेकरीत मिळणारं इन्स्टंट यीस्ट त्यासाठी चालेल का? स्वस्त पडेल.

चौथा_बीजाणू

इन्स्टंट यीस्ट पेतीत दाखवायला चालेल, रंगाशिवाय, ग्लिसरॉलवर. बाकी कशालाही नाही. पावाच्या जाती बहुधा पॉलिप्लॉइड (गुणसूत्रांचे दोनपेक्षा जास्त संच), काही गुणसूत्रं जास्त-कमी. स्पोर कमी धरतात, धरले तरी बरेच मेलेले. कॅनाव्हनिनलाही उपयोग नाही, प्रती जास्त. पुण्यात एनसीएलमधल्या एनसीआयएम संग्रहाकडे यीस्टच्या जाती मिळतात. मागवताना हॅप्लॉइड, हेटरोथॅलिक (स्वतःच्या वंशाशी न जुळणारी) आणि मार्कर (ओळखीला वापरायची जनुकं) माहीत असलेली हवी असं स्पष्ट लिहा. 'एचओ' जनुक चालू असलेली जात आली तर बीजाणू उगवताच मेटिंग टाइप (यीस्टचं 'लिंग', ए किंवा अल्फा) बदलून स्वतःच्याच वंशाशी जुळतो आणि हातात पुन्हा डिप्लॉइड राहतो.

कृती. बीवाय-४७४१ (मेट ए, मेथायोनिन लागतं) आणि बीवाय-४७४२ (मेट अल्फा, लायसिन लागतं) वायपीडीवर एकावर एक घासा, ४ ते ६ तास किंवा रात्रभर ठेवा, मग मेथायोनिन आणि लायसिन दोन्ही नसलेल्या प्लेटवर रेघा ओढा. तिथं वाढेल तो डिप्लॉइडच. वायपीडीमध्ये ताजा वाढवून पाण्यानं दोनदा धुवा. ग्लुकोजचा अंश राहिला तर मायोसिस सुरूच होत नाही, आणि टेट्राड न मिळण्याचं पहिलं कारण हेच असतं. १ टक्का पोटॅशियम ॲसिटेटमध्ये पातळसर सोडा, हिस्टिडिन, ल्युसिन, युरॅसिल नेहमीच्या पाव प्रमाणात घाला, मोठ्या फ्लास्कमध्ये २३-२५ अंशांना हलवत ठेवा. हवा लागते. बीवाय वंश मंद आहे, पाच ते सात दिवस द्या. एसके-१ जातीत हेच काम दिवसभरात उरकतं.

पिशवीची भिंत पचवण्यासाठी झायमोलेज १००-टी हे एन्झाइम मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम, १ मोलर सॉर्बिटॉलमध्ये. ५० मायक्रोलिटर घेऊन गोळा केलेल्या पेशी त्यात हलक्या मिसळा, ३० अंशांना ५ ते १० मिनिटं. दर दोन मिनिटांनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. चार बीजाणू शंकरपाळीच्या आकारात एकत्र, पण पिशवीची भिंत विरलेली, हा क्षण गाठायचा. मग थंड पाणी हळूच घालून बर्फावर. व्होर्टेक्स केलात तर सगळं संपलं. बीजाणू विखुरतात आणि वेगवेगळ्या पिशव्यांतले चार जण एकत्र उचलले जातात.

खोटी टेट्राड ओळखायची खूण : खऱ्या टेट्राडमध्ये प्रत्येक मार्कर २:२. एकाच टेट्राडमध्ये तीन-चार मार्कर एकदम बिघडले असतील तर ती खोटी. एकच मार्कर ३:१ आणि शेजारचे दोन्ही २:२ असतील तर ते जीन कन्व्हर्जन, आणि ती नोंद जपून ठेवा. एका प्रतीवरचा मजकूर दुसरीवर उतरला, देवाणघेवाण न होता. काही जनुकांत हे १ टक्क्याहून कमी, काहींत १० च्या वर. एका बीजाणूची कॉलनीच अर्धी वाढणारी, अर्धी न वाढणारी निघाली तर ५:३ : डीएनएच्या दोन धाग्यांत बेस जुळत नव्हते, दुरुस्ती झाली नाही, आणि पहिल्या विभाजनात दोन्ही मजकूर वेगळे झाले. एमएसएच-२ किंवा पीएमएस-१ (ही दुरुस्ती करणारी जनुकं) काढून टाकलेल्या जातीत हे जास्त दिसतं.

अंतर काढायला पर्किन्सचं सूत्र : ५० × (टी + ६ × एनपीडी) ÷ एकूण टेट्राड. दोन मार्करांच्या जोड्या बघायच्या : चारही बीजाणू पालकांसारखे तर पीडी, चारही नव्या जोड्यांचे तर एनपीडी, चार बीजाणूंत चार प्रकार तर टी. समजा पीडी ६२, एनपीडी २, टी ३६. उत्तर २४ सेंटिमॉर्गन, म्हणजे ७० हजार बेसजोड्यांच्या आसपास. ४० च्या पुढे या सूत्रावर भरवसा नको, त्यात दोनपेक्षा जास्त क्रॉसओव्हर धरलेले नाहीत. पीडी आणि एनपीडी सारखेच आले तर मार्कर जोडलेलेच नाहीत, सूत्र लावूच नका.

शून्यवर्ग

बीवाय × बीवाय करून 'रिकॉम्बिनेशनमुळे विविधता' मात्र दाखवता येत नाही, हे लिहून ठेवायला हवं. दोन्ही पालक मार्कर सोडले तर एकच आहेत. ९० क्रॉसओव्हर होतात आणि बहुतेकांतून काहीच बदलत नाही. सारखेच पत्ते पिसल्यासारखं.

रानयीस्ट

निसर्गातही बव्हंशी हेच घडतं. एकाच पिशवीतले दोन बीजाणू आपसात जुळतात, किंवा एचओमुळे एकटाच बीजाणू स्वतःशी जुळतो. मायोसिस झाला, क्रॉसओव्हर झाले, पण हेटरोझायगॉसिटी उलट घटली. परक्या वंशाशी संकर किती वेळा? तीन जातींच्या जीनोमवरून २००६ मध्ये काढलेला अंदाज : सुमारे ५०,००० विभाजनांत एकदा. आता वरचा आकडा आठवा, ३०० ते ५०० विभाजनांत एक म्युटेशन. दोन संकरांच्या मधल्या काळात एका वंशात शंभरावर म्युटेशनं साचतात, आणि संकर झाला की ती एका झटक्यात हजारो जुन्या फरकांबरोबर नव्यानं वाटली जातात. बीवाय आणि वाइनच्या द्राक्षमळ्यातली आरएम-११ यांच्यात दर २०० बेसजोड्यांमागे एक फरक आहे. त्या संकरातून निघालेला प्रत्येक बीजाणू निराळा. प्रत्येकात ४५ च्या आसपास क्रॉसओव्हर उतरलेले असतात, आणि म्हणूनच हजारभर बीजाणू घेतले की कुठलं जनुक कोणता गुण ठरवतं ते शोधता येतं.

२०१८ मध्ये १,०११ जातींचे जीनोम एकत्र प्रसिद्ध झाले. सर्वाधिक विविधता चीन-तैवानकडच्या जातींत, त्यामुळे मूळ तिकडचं मानलं जातं. सुमारे पाचव्या हिश्श्यात गुणसूत्रांची संख्या बिघडलेली. एकेरी बेसचे फरक मोजून भागत नाही, प्रतींची संख्याही बघावी लागते. तांबं सहन करायला लावणारं कप-१ जनुक रांगेनं अनेक प्रतींत असतं. शेजारच्या प्रतींमध्ये आडवंतिडवं रिकॉम्बिनेशन झालं की प्रती वाढतात किंवा कमी होतात. इथं रिकॉम्बिनेशननंच नवं काहीतरी घडवलं, नुसती वाटणी केली नाही.

तसंच वाइनच्या जातींतलं आठव्या आणि सोळाव्या गुणसूत्राचं ट्रान्सलोकेशन (तुकड्यांची अदलाबदल). त्यानं सल्फाइट बाहेर फेकणाऱ्या एसएसयू-१ ला दुसरा, जोरकस प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) मिळाला. वाइनमध्ये सल्फाइट घालतात, तेव्हा फायदा उघड आहे. पण अशा जातीचा साध्या जातीशी संकर केला की टेट्राड चार जिवंत, दोन जिवंत, शून्य जिवंत अशा विचित्र प्रमाणात येतात. बीजाणू मेलेले दिसले की झायमोलेजवर खापर फोडण्याआधी हा नमुना तपासा. नुसतं सगळीकडे २ जिवंत-२ मेलेले असेल तर एक सुप्त मारक म्युटेशन.

किण्वक

रिकॉम्बिनेशन म्युटेशनही घडवतं, दोन तऱ्हांनी. एक, तुटलेला डीएनए दुरुस्त करताना होणारी नक्कल साध्या नकलेपेक्षा बरीच चुकार असते, आणि मायोसिसमध्ये स्पो-११ हे प्रथिन मुद्दाम दीडशेच्या आसपास तुकडे पाडतं. मायोसिसमध्ये म्युटेशन जास्त होतात हे १९६० च्या दशकापासून नोंदलेलं आहे. दुसरी तऱ्हा जास्त गमतीची. एमएलएच-१ आणि पीएमएस-१ ही चुका दुरुस्त करणारी जोडी. एस-२८८-सी आणि एसके-१ दोघांतही दुरुस्ती नीट चालते. पण संकरातून एकीचं एमएलएच-१ आणि दुसरीचं पीएमएस-१ अशी एक विशिष्ट जोडी जमली की दुरुस्ती ढासळते आणि दर वाढतो. पालक दोन्ही निर्दोष, पोर म्युटेटर.

साधा_प्रश्न

मग संभोगाचा, म्हणजे या सगळ्या मिसळण्याचा, फायदा प्रयोगानं दाखवला आहे का?

रानयीस्ट

हो. २००५ मध्ये गोडार्ड आणि सहकाऱ्यांनी स्पो-११ आणि स्पो-१३ काढलेली जात वापरली. ती बीजाणू धरते, पण रिकॉम्बिनेशन नाही, त्यामुळे उपासमारीचा त्रास दोन्ही गटांना सारखा. सुखवस्तू माध्यमात फरक पडला नाही. उष्ण आणि खारट, कठीण माध्यमात रिकॉम्बिनेशनवाला गट पुढे गेला. २०१६ मध्ये मॅकडोनाल्ड, राइस आणि देसाई यांनी १,००० पिढ्या, दर ९० पिढ्यांनी मायोसिस, असं करून क्रम वाचले. अलैंगिक गटात चांगलं म्युटेशन पसरताना त्याच पेशीतली वाईट म्युटेशनंही सोबत ओढली गेली, आणि दोन वेगळ्या पेशींतली चांगली म्युटेशनं एकमेकांना मारत राहिली. लैंगिक गटात चांगली तेवढी टिकली, वाईट गळाली. म्युटेशन दोन्हीकडे येतच होती, फरक होता निवडीला ती एकेकटी हाताळता येण्यात.

साधा_प्रश्न

शेवटचं. हेटरोझायगस डिप्लॉइडमधली रेझिस्टंट कॉलनी म्युटेशनची की एलओएचची, हे कॉलनीगणिक सांगता येईल का? सिक्वेन्सिंगचं बजेट नाही.

चौथा_बीजाणू

येईल, पालक वेगळ्या वंशाचे असतील तर. पाचव्या गुणसूत्राच्या डाव्या बाहूवर, कॅन-१ पासून सेंट्रोमिअरपर्यंत, १५-२० हजार बेसजोड्यांच्या अंतरानं असे फरक निवडा जिथं एका पालकात रिस्ट्रिक्शन साइट (एन्झाइम कापतं ती जागा) आहे आणि दुसऱ्यात नाही. एक फरक सेंट्रोमिअरपलीकडे, उजव्या बाहूवर. पीसीआर करा, एन्झाइमनं कापा, २ टक्के ॲगरोजवर चालवा. तीन पट्टे म्हणजे हेटरोझायगस, अखंड एकच पट्टा किंवा कापलेले दोन तुकडे म्हणजे होमोझायगस (दोन्ही प्रती सारख्या). कॅन-१ जवळचे फरक होमोझायगस आणि सेंट्रोमिअरकडचे अजून हेटरोझायगस असतील तर क्रॉसओव्हर किंवा टोकापर्यंतची नक्कल, आणि बदल जिथं होतो त्या दोन फरकांच्या मधे घटना घडली. मधलाच एक तुकडा होमोझायगस, दोन्ही बाजू शाबूत, तर जीन कन्व्हर्जन. उजव्या बाहूवरचाही होमोझायगस निघाला तर गुणसूत्र हरवलं. सगळेच हेटरोझायगस राहिले तर चालू प्रतीवर खरंच नवं म्युटेशन झालेलं असू शकतं, किंवा कॅन-१ पुरतंच छोटं जीन कन्व्हर्जन; तेवढ्याच कॉलन्यांचं कॅन-१ सिक्वेन्सिंगला पाठवा. त्या थोड्याच असतील, खर्च झेपेल. मूळ डिप्लॉइड आणि दोन्ही पालक प्रत्येक जेलवर शेजारी चालवा, अर्धवट कापलं गेलेलं डीएनए हेटरोझायगससारखंच दिसतं.